वजा एकतीस

पहाटे पाचला केंद्राचं शटर वर केलं
तर कॅन घेऊन दहा-बारा जण आधीच उभे.
दुधासाठी एवढी घाई कधीच नसते.
"सांग लेका, कसा हाये तो इनिपेक?"

मी लॅक्टोमीटर सोडतो दुधात.
डुचमळतो, थांबतो. डिग्री अठ्ठावीस.
तिथं वजा एकतीस होती, मी म्हणतो,
आणि वजा म्हणजे काय ते कळावं म्हणून
वहीत रेघ ओढून रेघेखाली बोट ठेवतो.
पापण्या चिकटतात. नाकातले केस तारेसारखे होतात.
आम्ही नदीवरून चालत गेलो, श्रावस्ती तर धावत.
"त्यात काय," नामदेव इंगोले म्हणतात,
"वर्धेतून आपुनबी जातोच की मे महिन्यात."
हशा. शेकोटीत कुणी पऱ्हाटी सारतं.

नाताळच्या सुट्टीतले सोळा दिवस,
त्यातले तीन नुसते विमानात आणि बाकड्यांवर.
मायच्या पिशवीतलं ज्वारीचं पीठ
तिकडच्या बाईनं हुंगलं, जवसाची चटणी हुंगली,
जाऊ दिलं. संत्री तेवढी काढून घेतली. चार होती.
माय तिला म्हणाली, "खाजा बरं बाई, फेकजा नोका."
हे ऐकून सगळे खूश.

एक मात्र मी सांगत नाही.
दहा वर्षं गावाला ठाऊक आहे की
मिलिंद कंपनीत साहेब, काचेच्या केबिनमध्ये.
केबिन आहे. काचेचीच आहे.
तिसऱ्या रात्री अडीचला तो उठला.
मी जागाच होतो, दिवसरात्र उलटे झालेले.
म्हणाला, चाल.

पिवळं धूड, पुढं लोखंडाचा फाळ,
वखरासारखा टेकवायचा आणि बर्फ लोटत जायचं.
दुकानांचं पार्किंग, शाळेचं, दवाखान्याचं.
वखर तो आधीपासूनच सरळ धरायचा,
माझाच तिरपा जायचा.
वायपर हलत होता. कॉफी निवत होती.
चार तासांत आम्ही चार वाक्यं बोललो असू,
त्यातलं शेवटचं: "मायले नको सांगू."
साडेआठपर्यंत उजाडलंच नाही.

कॅनची रांग सरकते.
माय येते गंज घेऊन, घरच्या चहाचं दूध न्यायला.
पायात वहिनीनं दिलेले लोकरी मोजे, त्यांच्यावर स्लिपर,
अंगठ्यापाशी मोजा चिमटून बसवलेला.
चंद्रभागाबाई विचारतात,
"काय करते वो तुमचा मिलिंद तिकडं?"

मी फॅटच्या मशीनकडं बघत राहतो.
आकडा यायला वेळ लागतो.

"रस्ते मोकळे करते," माय म्हणते.
"लोकं निजून रायते, तवा हा उठते.
डाक्टर दवाखान्यात पोचते ते त्याच्यामुळं.
लय मोठी गाडी हाये. खिडकीतून पाह्यली म्या."

कोणत्या खिडकीतून? कोणत्या रात्री?
निघायच्या आदल्या दिवशी
ती त्याच्या बोटांना खोबरेल लावत बसली होती,
एकेक चीर अंगठ्यानं चाचपत,
आणि मला वाटलं, आई आहे, लावणारच.

माझ्या अंगात त्याचं जुनं जाकीट.
पाठीवर दोन आडव्या पट्ट्या,
मोटारसायकलचा दिवा पडला की पेटल्यासारख्या होतात.
पोरं मागं उभी राहून मोबाइलचा टॉर्च मारून बघतात,
पुन्हा मारतात.
खिशात बोटांना खडे लागतात.
जाडं मीठ. तिथं रस्त्यावर टाकतात.

सहा पॉइंट एक, मी ओरडतो, म्हैस कोनाची?
माय रांग मोडून गंज पुढं करते.
"आज शेरभर जास्त टाक," म्हणते,
"लोकं येतीन चहाले."